बायचं भुशाशी वैर

आमच्या कारखान्यात सकाळी कामाला हात लावण्याआधी वाऱ्याची परवानगी घ्यावी लागायची.

कल्याणच्या खाडीकाठी, मीठ वाहणारे पडाव लागायचे त्याच्या जरा अलीकडे, एका लांबलचक कौलारू छपराखाली आम्ही सुतार मंडळी काम करायचो. सकाळी मालकीण दारात येऊन उभी राहायची. कमरेच्या बटव्यातून कापसाचा बारीक पुंजका काढायची, हात उंच करून तो सोडून द्यायची आणि डोळे बारीक करून तो कुठे जातो ते बघायची. कापूस खाली बसला की हुकूम सुटायचे.

"करवत तिकडं न्या. रंधेवाले मधी. काचकागद घासनारा कोन हाय आज? तू त्या टोकाला, पाण्याच्या अंगाला."

मग आम्ही कामाची जडशीळ बाकं उचलून इकडची तिकडे न्यायचो. दुपारी समुद्राकडचा वारा सुटला की पुन्हा उचलायची, पुन्हा उलट मांडायची. मुरबाडकडून आलेल्या एका नव्या गड्याने पहिल्याच दिवशी वैतागून विचारलं, "बाय, आम्ही सुतार की हमाल?"

ती म्हणाली, "हमालच हो रे बाबा. हमाल म्हातारा होईस्तोवर जगतो."

तिला सगळे बाय म्हणायचे. तिचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही आणि कधी विचारावंसंही वाटलं नाही. जातीने आगरी, माहेर मिठागरांतलं, अंगाने थोराड, रंगाने सागाच्या जुन्या फळीसारखी. कासोट्याचं लुगडं, कपाळ मोकळं आणि आवाज असा, की पलीकडच्या काठावर कोणी म्हैस धूत असला तर त्याने मागे वळून बघावं. नवऱ्यामागे कारखाना तिच्या हातात आला. बाईमाणूस लाकडाचा धंदा काय करणार म्हणून लोकांनी वर्षभर वाट बघितली, मग कंटाळून वाट बघायचं सोडून दिलं.

मी शहाडच्या बाजूचा. वडलांचं बोट धरून रंधा शिकलेला, नुकतं लग्न झालेला, आणि स्वतःला फार शहाणा समजणारा. बायच्या कारखान्यात मी लागलो तेव्हा घरच्यांनी सांगितलेलं, "पगार वेळेवर मिळतो, पण बाई जरा सटकलेली आहे. सांभाळून राहा."

सटकलेली म्हणजे काय, ते पहिल्याच संध्याकाळी समजलं. काम संपल्यावर मी सवयीने खराटा घेतला आणि खालचा भुसा झाडायला सुरुवात केली. पाठीमागून अशी गर्जना झाली की खराटा हातातून पडला.

"ठेव तो! दिवसभर खाली बसलाय बिचारा, त्याला उठवून परत नाकात घालतोस?"

तिच्या राज्यात कोरडं झाडणं म्हणजे पाप होतं. आधी सगळीकडे पाण्याचा सडा घालायचा, भुसा ओला करायचा आणि मग तो हलक्या हाताने ओढून टोपलीत भरायचा. तुळयांवर आणि कौलांच्या वाशांवर बसलेली धूळ ओल्या फडक्याने पुसायची. घासकाम करणाऱ्याने नाकातोंडाला ओलं फडकं बांधायचं आणि ते वाळलं की पुन्हा भिजवायचं. ही फडकी तिच्या जुन्या लुगड्यांची असत. त्यामुळे आमच्या कारखान्यातले मिशाळ बाप्ये हिरव्या-जांभळ्या लुगड्यांचे पदर तोंडाला बांधून बसलेले दिसायचे. बाजारातली पोरं आम्हाला 'बायच्या सुना' म्हणायची. मला त्याची फार लाज वाटायची. बायला सांगितलं तर म्हणाली, "मग? सासू चांगली हाय तुमची."

गंमत अशी, की एवढं नाकाचं राखणारी ही बाई स्वतः तपकीर ओढायची. चांदीची छोटी डबी सतत कनवटीला असायची. ओढायची मात्र खाडीकाठी जाऊन, आमच्याकडे पाठ करून, आणि शिंकायची ती अशी की बगळे उडायचे. मी एकदा धीर करून म्हटलं, "बाय, भुसा नको म्हणतेस आणि तपकीर बरी चालते तुला?"

"तपकिरीला मी बोलावते," ती डबी बंद करत म्हणाली. "भुसा न विचारता येतो. पाव्हना आणि चोर, दोघं दारातूनच येतात. म्हनून काय दोघांना पाट मांडायचा?"

लाकडांना तिने नाती लावलेली होती. साग म्हणजे सासू, अंगाला खाज आणते पण जिवावर उठत नाही. आंबा गरीब जावई, कसाही वागवा, बोलत नाही. पण शिसवाचं नाव निघालं की तिचा चेहरा कडू व्हायचा. "ती सवत हाय. दिसायला काळीभोर, तुकतुकीत, आणि श्वासाबरोबर घरात शिरनारी."

एकदा त्याच मुरबाडच्या गड्याने बारीक भुशाच्या ढिगाआड बसून चिलीम पेटवली. बायने पाहिलं, पण ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आम्हा सगळ्यांना बाहेर मोकळ्यावर बोलावलं. दगडावर पणती पेटवून ठेवलेली होती. बायने चाळणीतून काढलेला पिठासारखा भुसा ओंजळीत घेतला आणि ज्योतीवर उधळला. भप्पकन असा जाळ उठला की आम्ही चार पावलं मागे पळालो. जाळ विझला तेव्हा बाय जागच्या जागी उभी होती. तिच्या दोन्ही भुवया मात्र नव्हत्या.

"समजला?" ती म्हणाली.

समजलं होतं. पुढे कितीतरी दिवस ती बिनभुवयांची हिंडत होती. त्यामुळे ती रागावली आहे की हसते आहे हे ओळखणं मुश्कील झालं आणि आम्ही सगळे जरा जपूनच वागायला लागलो. मुरबाडच्या गड्याने चिलीम सोडली नाही, पण ओढायला तो पार रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली जायला लागला.

त्या सुमाराला स्टेशनच्या अंगाला एक वाफेवरची करवत सुरू झाली. आगगाडी घाटावर जाऊन बरीच वर्षं झाली होती, गावात लाकडाची मागणी वाढली होती, आणि त्या करवतीला माणसं हवी होती. तिकडे बाकं उचलायला लागत नाहीत, तोंड बांधायला लागत नाही, असं ऐकून आमच्यातले काही तिकडे गेले. उरलेले जाऊ की नको करत होते. कारखान्यात मोठं काम नव्हतं. सकाळी कापूस सोडताना बायचा हात थोडा खाली आलेला मला दिसायचा.

आणि तशात ठाण्याचे एक शेट आले.

त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तिला द्यायला नक्षीदार पलंग आणि दोन मोठे पेटारे हवे होते. मोठं काम, सगळ्यांना पुरेल असं. शेटनी शिसवाचंच पाहिजे म्हणून सांगितलं. बायचं तोंड वाकडं झालं, पण तिने मान हलवली. शेटनी सुपारी काढली, बायच्या हातावर ठेवायला हात पुढे केला, आणि नेमका त्याच क्षणी विठू शिंकला.

विठू आमचा नक्षीवाला. माझ्याहून थोडा मोठा, लाजरा, हातात पटाशी असली की जग विसरणारा. कित्येक महिन्यांपासून त्याला शिंका येत, मग खोकला, मग छातीत शीळ वाजायची. त्या दिवशी तो एकदा शिंकून थांबला नाही. शिंकतच राहिला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

शेटनी हात मागे घेतला. "राम राम! मुलीच्या लग्नाची सुपारी देताना शिंक?" ते जोडे घालायला वळले. "हे काही शुभ नाही बाई. मी दुसरीकडे बघतो."

सगळे विठूकडे बघायला लागले. तो बिचारा तोंडावर पंचा दाबून मेल्याहून मेल्यासारखा झालेला. बाय दारात आडवी झाली.

"शेट, शिंक अपशकुनच हाय. मी कुठं नाय म्हनते? पन ती तुमच्या लेकीला नाय झाली. ती झाली याच्या छातीला."

"ते काही असो. मला माझ्या घरात अपशकुनाचं लाकूड नको."

"मग आयका. पलंग तयार झाला की तुम्ही या. पाहिजे तितका वेळ बसा. माझ्या एका जरी मानसाला शिंक आली, तर पलंग ठेवून जा, मी तोंडातून शब्द काढनार नाय."

शेटना ही भाषा आवडली असावी. शिवाय विठूची नक्षी ठाण्यापर्यंत माहीत होती. त्यांनी थोडा विचार केला, बाहेर जाऊन पायरीवर थांबले, आणि तिथे, कारखान्याबाहेर, सुपारी दिली.

शेट गेल्यावर मी म्हटलं, "बाय, तू हे काय कबूल केलंस? शिसव घासायचं आणि शिंकायचं नाही?"

"घासायचा तर हायच," ती म्हणाली. "पन इथं नाय."

चार दिवसांनी ती एक जुना पडाव घेऊन आली. मीठ वाहून वाहून म्हातारा झालेला, शीड नाही, डोलकाठी मोडलेली, पण बूड शाबूत. तो तिने काठापासून थोडा आत, खोल पाण्यात दोरांनी बांधून ठेवला आणि जाहीर केलं की शिसवाचं करवतणं, घासणं, नक्षीकाम सगळं या पडावात होणार. वारा खाडीवरून मोकळा येईल, धूळ पाण्यावर जाईल, पाण्यात बसेल, आणि पाण्यातून उठून कोणाच्या नाकात जाणार नाही.

गाव काठावर जमलं. बाय पुरती गेली, असं सगळ्यांचं मत पडलं. माझ्या बायकोनेसुद्धा मला विचारलं, "आता होडीतून कामाला जायचं? उद्या फुग्यात बसवून आकाशात नेतील!"

पण पडावात खरोखर हवा वेगळी होती. विठूला बाय नेहमी वाऱ्याकडच्या टोकाला बसवायची, म्हणजे आमची धूळ त्याच्या अंगावर येऊ नये. त्याची स्वतःची धूळ त्याच्यासमोरून सरळ पाण्यावर जायची. संध्याकाळी काठावर उतरताना प्रत्येकाला खाडीत डुबकी मारून, अंगावरचे कपडे बदलून मगच घरी जायची परवानगी होती. "भुसा घरी नेऊ नका. बायकापोरांनी काय पाप केलंय?" हळूहळू विठूच्या शिंका कमी झाल्या. छातीतली शीळ मात्र अधूनमधून वाजायची. ती वाजली की बाय काम थांबवून त्याला काठावर आंब्याच्या फळ्यांच्या ढिगावर बसवायची आणि स्वतः त्याच्याजवळ बसून राहायची.

अमावास्येच्या उधाणाला पडावाचे दोर तुटले.

दुपारची वेळ होती. आम्ही पाचजण पडावात होतो, बाय धरून. पलंगाचा डोक्याकडचा भाग मधोमध उभा, त्यावर विठूने कोरलेले केळीचे घड आणि त्यात बसलेले पोपट. ओहोटीचं पाणी जोरात निघालेलं. दोर तुटल्याचं आम्हाला कळलंच नाही; मी मान वर केली तेव्हा आमचा कारखाना लांब चाललेला दिसला.

"बाय! आपण वाहतोय!"

बायने चहूकडे बघितलं. वल्ही नव्हती. बांबू होते, पण ते तळाला पोचत नव्हते. काठावरची माणसं हात हलवत होती आणि बारीक होत होती. मुरबाडचा गडी मोठ्याने देवाचं नाव घ्यायला लागला.

"ओरडून पडाव थांबतो काय?" बाय खाली बसली. "ओहोटी हाय, कुठंतरी चिखलात टेकू. भरतीला परत येऊ. वाहत जायचाच हाय, तर घासत जा."

आणि देवाशपथ सांगतो, आम्ही घासत गेलो. दोन्ही बाजूंनी खारफुटी मागे सरकत होती, मिठागरांतले मिठाचे पांढरे ढीग दिसत होते, आणि आम्ही लुगड्याचे पदर तोंडाला बांधून पलंग घासत खाडीतून चाललेलो.

खाडीचं एक वळण मागे गेलं. मग बायने मिठागरांकडे बोट दाखवलं.

"माझं म्हायेर तिकडं आत. यांना मी तिथं नेला होता." 'यांना' म्हणजे नवऱ्याला. नवऱ्याबद्दल ती कधी बोलत नसे, म्हणून आमचे हात आपोआप थांबले.

"ते पन नक्षीवाले. विठूसारकेच. खोकला लागला, खंगत गेले. वैद्यबुवा म्हनाले क्षय. त्यांनी त्यांच्या परीनं केला. पन लोकांनी आमच्या घरचा पानी सोडला. म्हनून मी यांना म्हायेरी घेऊन गेले. मिठागरावर लाकूड कुठं? महिन्याभरात मानूस हसायला लागला, भाकरी मागून खायला लागला. मना वाटला, देव पावला. परत आलो. शिसवाचा काम होता. आठ दिवसांत पुन्हा तेच." तिने फडकं नाकावर नीट केलं. "तवा मना कळला. मी सांगितला सगळ्यांना. बाईमानसाचा कोन ऐकतो? त्यांनी पन नाय ऐकला. म्हनाले, सुताराला भुसा बाधत नाय. आईच्या दुधाला कोन भितो काय?"

पाणी पडावाच्या बुडाशी चुळचुळत होतं.

"पुढं कारखाना माझ्या हातात आला," ती म्हणाली. "म्हटला, आता ऐकतील. न ऐकून जातात कुठं?"

विठू तिच्याकडे न बघता म्हणाला, "बाय, माझी बायको म्हणते लाकूड सोडा, मिठागरावर मजुरी करा. मी तिला हो म्हणणार होतो. हा पलंग झाल्यावर."

"मग? सोडनार?"

"पटाशी सोडली तर मी काय उरेन गं?"

बायने त्याच्या पाठीवर थाप मारली, जराशी जोरातच. "शिसव सोड. पटाशी कशाला सोडतोस? हा शेवटचा शिसव. यापुढं माझ्या छपराखाली ही सवत येनार नाय. लोकांना पाहिजे तर सागाचं घेतील, नायतर उभ्यानं झोपतील."

डोंबिवलीच्या अंगाला एका गावाजवळ पडाव चिखलात रुतला. काठाला बायका खेकडे धरत होत्या. त्यांनी मान वर करून बघितलं, तर चिखलात एक मोडका पडाव आणि त्यात तोंडं बांधलेली, डोक्यापासून पायापर्यंत काळपट तपकिरी झालेली माणसं, हातात पटाश्या आणि करवती.

"दरोडेखोर आले रेऽऽ!"

टोपल्या टाकून बायका पळाल्या आणि पाठोपाठ गावातले बाप्ये काठ्या, वल्ही, जे हाताला लागेल ते घेऊन आले. बाय पडावात उभी राहिली आणि हात वर करून काहीतरी बोलायला लागली. फडक्यातून नुसता 'हुं हुं हुं' असा आवाज येत होता. त्यामुळे लोक जास्तच बिथरले. एक वल्हं उडत आलं आणि माझ्या कानाजवळून गेलं.

"बाय, फडकं काढ! आधी फडकं काढ!" मी ओरडलो.

तिने कमरेचा बटवा चाचपून कापूस काढला आणि वारा कुठला आहे ते बघितलं. दरोडेखोराने काठीसमोर कापूस उडवलेला त्या गावाने आयुष्यात बघितला नसेल. सगळे थबकले. वारा धूळ पलीकडे नेतो आहे याची खात्री झाल्यावर तिने फडकं सोडलं, आणि आतून एका रागावलेल्या म्हातारीचा चेहरा बाहेर आला.

"काठ्या कोनावर उगारता रे? तुमच्या आईच्या वयाची हाय मी!"

गावच्या पाटलाने काठी खाली केली. "मग तोंडं कशाला बांधलीत?"

"तोंडं बांधली म्हनून तर तोंडानं बोलायला जिवंत हाय."

पुढचं काम पलंगाने केलं. बायका परत आल्या, पोपटांवरून हात फिरवायला लागल्या, कोणीतरी विठूला विचारलं की घडात केळी इतकी वाकडी का काढलीस. त्याने गंभीरपणे सांगितलं की वाकडीच असतात. मग हसाहशी झाली. गावाने आम्हाला भात आणि सुक्या मासळीचं कालवण वाढलं. भरतीला त्यांच्याच दोन होड्यांनी पडाव ओढून कल्याणला पोचवला. निघताना बायने पाटलाला लुगड्याचे दोन पदर दिले. त्याचा भाऊ होड्या दुरुस्त करायचा आणि जेवताना सारखा खोकत होता, तेवढं तिने हेरलेलं.

पलंग झाला, पेटारे झाले. शेट आले.

त्या दिवशी कारखाना देवळासारखा पुसलेला होता. पलंग मधोमध मांडलेला, लाखेच्या पॉलिशने आरशासारखा चकाकणारा. आम्ही भिंतीला पाठ लावून ओळीने उभे. बाय सकाळपासून तपकिरीशिवाय होती. नाकाचा शेंडा लाल झालेला, डोळे ओले, पण हूं की चूं नाही.

शेट बसले. पलंगाभोवती फिरले. पुन्हा बसले. मुद्दाम वेळ काढत होते, आम्हाला कळत होतं. विठूच्या नाकपुड्या एकदा थरथरल्या आणि मला वाटलं, संपलं. त्याने डोळे मिटले, श्वास आत घेतला. लांब, स्वच्छ, शिटीशिवाय. आणि सोडला. काही झालं नाही.

"बाई," शेट शेवटी म्हणाले, "मानलं तुम्हाला."

"मग तपकीर घ्या," बायने आदबीने डबी पुढे केली. पाहुण्याने नाही म्हणायची रीत नव्हती. शेटनी चिमूट घेतली, ओढली, आणि क्षणभर त्यांचा चेहरा कोरा झाला. मग जी शिंक आली, तिने पागोटं पुढे घसरलं. पाठोपाठ दुसरी.

कोणी हसायचं धाडस केलं नाही. शेटनी पागोटं सारखं केलं, उपरण्याने नाक पुसलं.

बायने अत्यंत भोळ्या चेहऱ्याने विचारलं, "आता शेट? शकून कोनाचा धरायचा?"

शेट तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. "एक शिंक वाईट, दोन आल्या की बऱ्या," ते हसत हसत म्हणाले. "उचला पलंग."

त्या पलंगानंतर बायने शब्द पाळला. शिसव छपराखाली आलं नाही. विठूने पुढे सागावर आणि आंब्यावर असं काम केलं की लोक शिसव विसरले. त्याची छाती पुरती कधी सुधारली नाही. थंडीत शीळ वाजायचीच. पण दुसऱ्या वर्षी तो बायकोला घेऊन मलंगगडावर चालत चढून आला आणि गावभर सांगत सुटला. वाफेच्या करवतीकडे गेलेल्यांतले बरेच परत आले. बायने कोणाला काही बोलून दाखवलं नाही. फक्त प्रत्येकाला लुगड्याचा पदर हातात देताना म्हणायची, "घे सूनबाई."

पुढे मी ठाण्याला माझं स्वतःचं दुकान टाकलं. तळ्याजवळ एका गृहस्थांची जागा भाड्याने घेतली, आतल्या खोलीत बिऱ्हाड केलं, चार माणसं ठेवली. बायला निरोप धाडला होता, पण ती येईल असं वाटलं नव्हतं. गुडघे धरलेले, डोळ्यांना कमी दिसायला लागलेलं. ती एका सकाळी आगगाडीने आली. तिच्या आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास, आणि त्याबद्दल तिचं मत एवढंच, की कोळशाची धूळ फार.

मी तिला सगळं हौसेने दाखवलं. सडा, पाण्याचे रांजण, माणसांची फडकी, बाहेर आंघोळीची जागा. ती मान हलवत होती. शेवटी मागच्या भिंतीपाशी थांबली.

"ही भिंत इथं कशाला?"

"बाय, ती मालकांची आहे. जागा भाड्याची."

"वारा अडतो."

"हो, पण मालक कडक आहेत. खिळा मारायचा तरी विचारावं लागतं."

"कुठं राहतात?"

मी शेजारचं घर दाखवलं. ती काठी टेकत गेली. मला वाटलं, आता भांडण होणार आणि मला जागा सोडावी लागणार. बायको आतून म्हणाली, "जा ना, थांबवा त्यांना." मी जोडे शोधत होतो तोवर पलीकडून नुसताच बायचा आवाज येत राहिला, चढा नाही, एका लयीत. मालकांचा आवाज एकदाच आला. मग तोही बंद झाला.

थोड्या वेळाने मागच्या बाजूला धप्प असा आवाज आला. मी धावत गेलो. मालक धोतर खोचून, हातात पहार घेऊन स्वतः भिंत फोडत होते. घामाने डबडबलेले, केसांत चुना. बाय बाजूला दगडावर बसून, "अजून थोडा खाली. हां, तिथं," असं सांगत होती.

"मालक, हे काय?" मी विचारलं. "काय म्हणाली ती तुम्हाला?"

मालकांनी पहार टेकवली आणि गोंधळलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं.

"खरं सांगू? मला काही नीट आठवत नाही. त्या बोलत होत्या, आणि मी पहार शोधत होतो."